पहिला कथासंग्रह : नागपूरच्या नवलेखकासाठी प्रकाशनाचे नियोजन

दिवाळी अंकांतून चार-सहा कथा छापून आल्या, एखाद्या वाचनाच्या कार्यक्रमात एक कथा वाचून झाली आणि श्रोत्यांनी ती उचलून धरली, की "आता संग्रह काढा" असा आग्रह करणारी माणसे घरात आणि घराबाहेर भेटू लागतात. हा आग्रह प्रेमाचा असला, तरी त्याच्या भरात बहुतेक नवलेखक सगळी कामे उलट्या क्रमाने करतात. आधी प्रकाशन समारंभाची तारीख आणि पाहुणे ठरतात, मग मुद्रक शोधला जातो, मग मुखपृष्ठ तयार होते आणि सर्वात शेवटी, प्रूफे, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची पाने, हातात पडल्यावर, कोणत्या कथा घ्यायच्या व कोणत्या वगळायच्या याचा विचार सुरू होतो. नागपुरात गेली अनेक वर्षे पहिल्या संग्रहांची हस्तलिखिते वाचताना माझे असे मत झाले आहे, की हे संग्रह कथा कच्च्या असल्यामुळे जितके फसतात, त्याहून अधिक या उलट्या क्रमामुळे फसतात. म्हणून पुढील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्याव्यात आणि संपूर्ण कामासाठी किमान दीड वर्षाचा अवधी हाताशी धरावा.

पहिली पायरी : कथांची नोंदवही आणि निवड

एक साधी वही घ्यावी आणि आजवर लिहिलेल्या प्रत्येक कथेसाठी एक पान राखावे. त्यावर कथेचे नाव, शब्दसंख्या, लेखनाचे वर्ष, कोणत्या अंकात व कधी प्रसिद्ध झाली, निवेदक कोण आहे, कथा कोठे घडते आणि शेवट कोणत्या प्रसंगावर होतो, एवढे लिहावे. ही कारकुनी कंटाळवाणी वाटते, पण शेवटच्या तीन नोंदी फार बोलक्या असतात. माझ्या पहिल्या संग्रहासाठी काढलेल्या सोळा कथांपैकी चार कथा रुग्णालयाच्या व्हरांड्यात संपत होत्या आणि दोन वर्षे मला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. एका वाचक मैत्रिणीने चारही शेवट ओळीने वाचून दाखवले तेव्हा मला अक्षरशः घाम फुटला. वेगवेगळ्या वर्षांच्या वेगवेगळ्या अंकांत विखुरलेल्या कथांतील अशी पुनरावृत्ती वाचकाच्या लक्षात येत नाही, पण त्याच कथा एका बांधणीत आल्या की तिसऱ्या कथेपर्यंत त्याला लेखकाची सवय कळून चुकते.

निवड करण्यासाठी सर्व कथा कागदावर छापून घ्याव्यात आणि दोन दिवसांत, मध्ये दुसरे काही न वाचता, सलग वाचाव्यात. हाताशी वीस-बावीस कथा असतील तर त्यांतील दहा ते बारा उरल्या पाहिजेत. एखाद्या कथेला कधीकाळी स्पर्धेत बक्षीस मिळाले होते, एवढ्याच कारणासाठी ती ठेवू नये. स्पर्धेतील कथा शब्दमर्यादेत कोंबलेली असते आणि ती पुष्कळदा तशीच दिसते. उरलेल्या कथांना जोडणारा एखादा धागा आहे का, हे पाहावे. तो विषयाचाच असला पाहिजे असे नाही. एक वस्ती, एक पिढी, एका प्रकारची माणसे, किंवा नुसता बोलण्याचा सूरही पुरतो. इतवारीतील दुकानदार घराण्यांच्या पाच कथा आणि सोबत अंतराळयानाची एक कथा असा संग्रह काढता येतो, पण ती एक कथा तेथे का आहे, याचे उत्तर लेखकाजवळ हवे.

क्रम लावताना सर्वात सशक्त कथा पहिली ठेवावी, कारण दुकानात उभ्याने चाळणारा वाचक आणि हस्तलिखित उघडणारा संपादक, दोघेही तेथूनच सुरुवात करतात. तिच्या खालोखालची कथा शेवटी असावी. सर्वात दीर्घ कथा मध्यावर ठेवावी आणि प्रथमपुरुषी निवेदनाच्या दोन कथा शक्यतो लागून ठेवू नयेत. संग्रहाला ज्या कथेचे नाव द्यायचे ती कथा दुबळी असेल तर नाव कितीही गोड असले तरी ते सोडून द्यावे.

आता पानांचा हिशेब. डेमी आकाराच्या, म्हणजे साधारण साडेपाच गुणिले साडेआठ इंचांच्या, एका पानावर नेहमीच्या टंकाकारात सुमारे २८० मराठी शब्द बसतात. बेचाळीस हजार शब्दांचे हस्तलिखित म्हणजे १५० पाने. त्यात शीर्षकपान, श्रेयपान (प्रकाशक, आवृत्ती, हक्क यांची नोंद असलेले पान), अर्पणपत्रिका, मनोगत आणि अनुक्रमणिका यांची दहा पाने मिळवली की १६० पाने होतात. छपाई सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यात, होत असल्यामुळे हे बरोबर दहा फर्मे भरतात. पुस्तक १६३ पानांचे झाले तर तीन पानांसाठी अकरावा फर्मा लागतो आणि तेरा पाने कोरी राहतात, किंवा मग मुद्रक शेवटच्या कथेचा टंक बारीक करून ती कोंबतो. दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी एखादा परिच्छेद कापण्याची तयारी याच पायरीवर ठेवावी.

दुसरी पायरी : हक्क आणि पूर्वप्रसिद्धी

दिवाळी अंकात किंवा मासिकात छापलेल्या कथेचा हक्क संपादकाकडे गेला, असा समज नवलेखकांत खोलवर रुजलेला आहे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार कथेचा पहिला हक्कदार लेखक असतो. तो अंकाच्या मालकाचा नोकर म्हणून लिहीत नसेल आणि हक्क लेखी स्वरूपात कोणाला दिलेले नसतील, तर कथा संग्रहात घेण्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही. तरीही संबंधित संपादकांना चार ओळींचे पत्र पाठवून कळवणे आणि पुस्तकात पूर्वप्रसिद्धीची यादी देणे ही चांगली रीत आहे. मात्र स्पर्धेचा किंवा संकेतस्थळाचा अर्ज भरताना कोणत्या अटींवर सही केली होती, हे आवर्जून शोधून काढावे. तेथे कधीकधी सर्व हक्क आयोजकांकडे राहतील असे एक वाक्य दडलेले असते.

हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणीची गरज नसते. कथा लिहिली गेली की तो आपोआप मिळतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हाच नियम दुसऱ्याच्या गीताला लागू आहे, हे लक्षात ठेवून पात्राच्या तोंडी घातलेल्या सिनेगीताच्या ओळी एकदा तपासाव्यात. गाण्याचा उल्लेख करणे आणि त्याचे कडवे उतरवून घेणे यांत फरक आहे. खऱ्या माणसांची नावे, वाड्यांची नावे आणि ओळखू येतील असे कौटुंबिक तपशीलही याच वेळी बदलावेत. नागपूर पसरले असले तरी महाल, सीताबर्डी आणि धरमपेठेतील जुनी कुटुंबे एकमेकांना आजही ओळखून आहेत, आणि "ही आमच्या काकूंची गोष्ट आहे" असे म्हणणारा फोन पुस्तक आल्यानंतर येण्यापेक्षा आधीच सुचलेला बरा.

शासकीय सेवेत असलेल्यांनी आपल्या सेवेचे वर्तणूक नियम या टप्प्यावर वाचून घ्यावेत. निव्वळ वाङ्मयीन लेखनाकडे हे नियम सौम्यपणे पाहतात, पण कार्यालयाला लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवल्यास पुढे प्रश्न उद्भवत नाही.

तिसरी पायरी : बोली, शुद्धलेखन आणि मुद्रणप्रत

या पायरीवर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण विदर्भातील लेखकाचे सर्वाधिक नुकसान येथे होते आणि ते त्याला छापील पुस्तक हातात आल्यावर कळते. आपल्या कथांत निवेदनाची भाषा प्रमाण मराठी असते, पात्रे वऱ्हाडीत किंवा नागपुरी वळणाने बोलतात आणि भंडारा-गोंदियाकडची माणसे आली की झाडीबोलीही डोकावते. "मले", "तुले", "काहून", "करून राह्यलो" ही रूपे हस्तलिखितात असतात. ती दुसऱ्या प्रदेशातील मुद्रितशोधकाकडे गेली, की तो प्रामाणिकपणे आपले काम करतो आणि "मले"चे "मला" करतो. पण सगळीकडे नाही, जेथे नजर पडली तेथेच. माझ्या एका कथेतील शेतमजूर बाई पहिल्या पानावर वऱ्हाडीत बोलते, तिसऱ्या पानावर पुण्यात शिकून आल्यासारखी आणि पाचव्या पानावर पुन्हा वऱ्हाडीत. चूक मुद्रितशोधकाची म्हणता येणार नाही. मी त्याला काहीच सांगितले नव्हते.

यावर उपाय म्हणजे हस्तलिखितासोबत एक-दोन पानांचा भाषा-तक्ता देणे. त्यात कोणती पात्रे कोणती बोली बोलतात, निवेदनात बोली कोठे मुद्दाम आली आहे, आणि एकाच शब्दाची दोन रूपे संभवत असतील तर आपण कोणते स्वीकारले आहे, हे लिहावे. बोलीला शुद्धलेखनाचा अधिकृत नियम नसल्यामुळे "राह्यला", "रायला" आणि "राहिला" यांतील एक रूप निवडून शेवटपर्यंत पाळण्याची जबाबदारी लेखकाचीच असते. निवेदनासाठी मात्र मराठी साहित्य महामंडळाचे नियम प्रमाण मानावेत. १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत चार, असे एकूण अठरा नियम शासनाने स्वीकारले आहेत आणि ते एका बैठकीत वाचून होतात. बोलीतील शब्दांचा कोश पुस्तकाच्या शेवटी जोडावा का, असे मला नेहमी विचारले जाते. माझ्या मते जोडू नये. वाक्याच्या आधाराने जो शब्द कळत नाही, त्याचे वाक्य सुधारावे.

हस्तलिखित युनिकोडमध्ये टंकलिखित करावे. पुष्कळ अक्षरजुळणीकार अजूनही जुन्या पद्धतीच्या टंकांत काम करतात आणि युनिकोडमधील मजकूर तेथे रूपांतरित करताना काही जोडाक्षरे मोडतात. सर्वात आधी अडचणीत येतो तो "ऱ्य" आणि "ऱ्ह" यांतील अर्धा र, म्हणजे "दुसऱ्या", "वऱ्हाड", "पऱ्हाटी" यांसारखे शब्द, आणि त्यानंतर "ॲ" व "ऑ". कापसाच्या मुलखातील कथेत "पऱ्हाटी" प्रत्येक पानावर मोडलेली दिसावी, ही काही सुखाची गोष्ट नाही. त्यामुळे जुळणीचे काम देण्यापूर्वी अशा पंधरा-वीस शब्दांचा एक परिच्छेद मुद्दाम तयार करून त्याचे नमुना पान मागवावे. ते निर्दोष आले तरच पूर्ण हस्तलिखित सोपवावे.

चौथी पायरी : मार्ग कोणता घ्यायचा

येथून पुढे पैशाचा प्रश्न येतो. नवलेखकासमोर तीन मार्ग असतात आणि त्यांपैकी कोणताही अप्रतिष्ठेचा नाही. अप्रतिष्ठा होते ती आपण कोणत्या मार्गावर आहोत हे लेखकालाच ठाऊक नसले म्हणजे.

पहिला मार्ग प्रकाशकाच्या खर्चाने पुस्तक काढण्याचा. यात प्रकाशक निवड करतो, खर्च करतो आणि लेखकाला मानधन म्हणून छापील किमतीचा काही भाग देतो. हा भाग साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास असतो. मराठीतील मोठ्या प्रकाशनसंस्था बहुतांशी पुण्या-मुंबईत असल्या तरी नागपुरातही प्रकाशक आहेत. नागपूरच्या प्रकाशकाकडे प्रूफे घेऊन प्रत्यक्ष जाता येते आणि त्याला आपली बोली समजते. पुण्याच्या प्रकाशकाची विक्रीव्यवस्था बहुधा अधिक दूरवर पोहोचते. दोहोंपैकी कोणाकडे पाठवायचे हे ठरवण्याआधी त्यांनी मागील तीन वर्षांत किती कथासंग्रह काढले, हे एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन पाहावे. सीताबर्डीच्या राजाराम सीताराम दीक्षित वाचनालयात किंवा महालातील राष्ट्रीय वाचनालयात अर्धा दिवस घालवून कथासंग्रहांची श्रेयपाने उतरवून घेतली, तर कोणत्याही ओळखीपेक्षा जास्त उपयोगी माहिती हाती लागते. जो प्रकाशक केवळ अभ्यासक्रमाची पुस्तके काढतो, त्याला कथा पाठवून त्याचा आणि आपला वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

प्रकाशकाला पूर्ण हस्तलिखित एकदम न पाठवता आधी एक पानाचे पत्र पाठवावे. त्यात संग्रहाचे नाव, कथांची संख्या, एकूण शब्दसंख्या, संग्रहाचे सूत्र तीन-चार वाक्यांत, पूर्वप्रसिद्धी आणि स्वतःचा परिचय असावा. सोबत दोन कथा जोडाव्यात, त्यांतील एक संग्रहाची पहिली कथा. परिचयात शालेय निबंधस्पर्धेपासूनची बक्षिसे नकोत. तीन महिने वाट पाहून एक स्मरणपत्र पाठवणे योग्य ठरते. एकाच वेळी दोन प्रकाशकांकडे विचारणा करण्यास हरकत नाही, पण ते दोघांनाही सांगावे आणि एकाचा होकार आल्यावर दुसऱ्याला त्याच दिवशी कळवावे.

दुसरा मार्ग शासनाच्या साहाय्याचा आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना असून तीत कथेसह निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांतील हस्तलिखिते मागवली जातात, तज्ज्ञांकडून तपासली जातात आणि निवडलेल्या हस्तलिखिताच्या प्रकाशनास अनुदान मिळते. ही योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. म्हणून कॉलेजच्या दिवसांतील कवितांची एखादी पुस्तिका हौसेने छापण्याचा बेत असेल, तर तिच्यापायी पुढे आपली पात्रता जाणार नाही ना, हे त्या वर्षीच्या नियमावलीत आधी पाहावे. अर्ज मंडळाच्या जाहिरातीत दिलेल्या मुदतीतच स्वीकारले जातात. मुदत हुकली की पुढील वर्षाची वाट पाहावी लागते. निर्णयाला वेळ लागतो, आणि त्या काळात पुस्तक स्वतः छापून मोकळे होणाऱ्याने अनुदानाची आशा सोडून द्यावी.

तिसरा मार्ग स्वखर्चाचा. तो घेताना आकडे कागदावर मांडावेत. समजा, १६० पानांच्या पुस्तकाच्या ५०० प्रती काढल्या आणि जुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई व बांधणी मिळून प्रतीमागे ११० रुपये खर्च आला, तर एकूण ५५,००० रुपये लागले. किंमत २५० रुपये ठेवून विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर आपल्या हाती प्रतीमागे १५० रुपये येतात आणि खर्च भरून निघण्यासाठी ३६७ प्रती विकाव्या लागतात. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या मुद्रकाकडून दरपत्रक घेऊन हाच हिशेब पुन्हा करावा आणि मगच ५०० छापायच्या की २००, हे ठरवावे. पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी लागत नसला तरी छपाईच्या सेवेवर तो लागतो, तेव्हा दरपत्रक करासहित मागावे. आता मोजक्या प्रती छापण्याची सोय सर्वत्र झाली आहे. प्रतीमागे दर थोडा अधिक पडतो, पण पलंगाखाली गठ्ठे साचत नाहीत.

या तिन्हींच्या मधे आणखी एक प्रकार असतो, ज्याला "लेखकाचा सहभाग" म्हणतात. लेखक पैसे देतो आणि पुस्तक प्रकाशकाच्या नावाने निघते. हा व्यवहार वाईटच असतो असे नाही. पण किती प्रती छापल्या जाणार, त्यांतील किती लेखकाला मिळणार, उरलेल्या प्रतींच्या विक्रीचे पैसे कोणाचे आणि जुळणीची मूळ फाईल कोणाकडे राहणार, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नये. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी हजार प्रतींचे पैसे दिले आणि त्यांच्या घरी तीनशे प्रती आल्या. उरलेल्या सातशे छापल्या होत्या किंवा नाही, हे त्यांना आजही माहीत नाही.

पाचवी पायरी : करार

करार छोटा असला तरी चालेल, पण तो लेखी हवा. कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असेल तरच ग्राह्य धरले जाते आणि त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी व किती मानधनावर दिले, हे नमूद असावे लागते. काळ लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. या तरतुदी लेखकाच्या बाजूच्या असल्या तरी त्यांच्यावर विसंबून जागा कोऱ्या सोडू नयेत.

कथाकाराने विशेष लक्ष द्यावे ते छापील पुस्तकाखेरीजच्या हक्कांकडे. भाषांतर, बोलके पुस्तक, ई-पुस्तक, नाट्यरूपांतर आणि चित्रपट हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. एकटी कथा लघुपटासाठी किंवा एकांकिकेसाठी मागितली जाण्याची शक्यता कादंबरीपेक्षा अधिक असते, कारण ती आटोपशीर असते. म्हणून "सर्व हक्क प्रकाशकाकडे" या वाक्याऐवजी "मराठीतील छापील आवृत्तीचे हक्क" असे लिहून घ्यावे आणि बाकीचे स्वतःकडे ठेवावेत. तसेच आवृत्तीची प्रतिसंख्या, लेखकाला मिळणाऱ्या विनामूल्य प्रती, हिशेब देण्याची तारीख आणि आवृत्ती संपल्यावर ठरावीक मुदतीत पुनर्मुद्रण न झाल्यास हक्क परत येण्याची अट घालावी. असे मुद्दे काढणे नवलेखकाला उद्धटपणाचे वाटते. अनुभवी प्रकाशकाला तसे वाटत नाही.

सहावी पायरी : प्रूफ, मुखपृष्ठ आणि छपाई

प्रूफ तीनदा वाचावे. पहिले वाचन मूळ हस्तलिखिताशी ओळ न ओळ ताडून, दुसरे मोठ्याने, आणि तिसरे आपण न करता ज्याने या कथा आधी वाचलेल्या नाहीत अशा माणसाकडून. लेखकाचे डोळे जे लिहायचे होते तेच वाचतात. तिसऱ्या वाचनात शीर्षकपान, मलपृष्ठ, पुस्तकाचा कणा आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक वेगळे तपासावेत. कथेतील काना-मात्रा चुकली तर वाचक क्षमा करतो, पण कण्यावर लेखकाचे आडनाव चुकले तर ते कपाटात कायमचे दिसत राहते. प्रूफावर सही करताना दिनांक घालावा आणि त्यानंतर वाक्ये बदलण्याचा मोह आवरावा.

प्रस्तावनेबद्दल माझे मत थोडे कडक आहे. ज्येष्ठ साहित्यिकाची दहा पानांची प्रस्तावना घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे आणि तिच्यासाठी पुस्तके सहा-सहा महिने अडून राहतात. कथासंग्रहाला प्रस्तावना लागत नाही; ती कथांचे शेवट फोडते, एवढेच बहुतेक वेळा घडते. मलपृष्ठावर शंभर शब्दांचा नेमका मजकूर पुरेसा असतो. मुखपृष्ठासाठी आंतरजालावरील चित्र उचलू नये. चित्रकाराला मानधन द्यावे, वापराची लेखी संमती घ्यावी आणि श्रेयपानावर त्याचे नाव छापावे.

कागद सत्तर जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) किंचित पिवळसर घ्यावा, कारण पांढऱ्याशुभ्र कागदावर डोळे लवकर शिणतात. मुखपृष्ठ तीनशे जीएसएमच्या आर्टकार्डावर असावे. बांधणीबाबत मुद्रकाशी मोकळेपणाने बोलावे. नुसत्या गोंदाची बांधणी स्वस्त पडते, पण नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि गच्चीवरच्या खोलीत ठेवलेल्या गठ्ठ्यांतील पुस्तकांची पाने सुटलेली मी पाहिली आहेत. फर्मे शिवून केलेली बांधणी थोडी महाग असली तरी ग्रंथालयात जाणाऱ्या प्रतींसाठी तीच टिकते.

आयएसबीएन हा पुस्तकाची जगभर ओळख पटवणारा तेरा अंकी क्रमांक छपाईपूर्वी हाती असावा. तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो आणि स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. या क्रमांकासाठी कोणी स्वतंत्र शुल्क मागत असेल, तर ते कशाचे आहे असे विचारावे. श्रेयपानावरील प्रथमावृत्तीच्या तारखेचाही विचार करावा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी वेगळा विभाग असून त्यातील लघुकथेचा पुरस्कार ग. ल. ठोकळ यांच्या नावाने दिला जातो; त्यासाठी पुस्तकाचे प्रकाशनवर्ष जानेवारी ते डिसेंबर असे मोजतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाईने छापलेले पुस्तक महिनाभरातच मागील वर्षाचे होऊन बसते. विदर्भ साहित्य संघही दरवर्षी ग्रंथांना पुरस्कार देतो, त्याचे आवाहन वर्तमानपत्रांत येते.

सातवी पायरी : प्रकाशन, विक्री आणि त्यानंतरचे कागद

समारंभाची तारीख, जिच्यापासून बहुतेक जण सुरुवात करतात, ती आता ठरवावी, आणि तीही सर्व प्रती घरात आल्यानंतर. माझ्या एका पुस्तकाच्या वेळी समारंभाच्या सकाळी मुद्रकाने पाच नमुना प्रती आणून दिल्या, पाहुण्यांच्या हस्ते त्यांचे वेष्टन सोडले गेले, टाळ्याही पडल्या आणि सभागृहाबाहेरच्या टेबलावर विकायला एकही पुस्तक नव्हते. बाकीच्या प्रती तीन आठवड्यांनी आल्या. त्या संध्याकाळी जे साठ-सत्तर जण घेऊन गेले असते, त्यांच्यापैकी फार तर दहा जण नंतर घ्यायला आले. शंकरनगरचे बाबूराव धनवटे सभागृह किंवा झाशी राणी चौकातील साहित्य संघाचे सभागृह यांची चौकशी दोन-तीन महिने आधी करावी. हिवाळी अधिवेशनाचे डिसेंबरचे दिवस आणि मे महिना टाळावा. दोन वक्ते पुरतात, आणि त्यांपैकी एकाने तरी पुस्तक वाचलेले असावे.

स्वतः प्रकाशक असाल तर १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कन्नेमारा ग्रंथालय, मुंबईचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत पाठवावी. पाठवल्याची टपालाची पावती पहिल्या पायरीतील नोंदवहीत चिकटवावी. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही स्वस्त सेवा सुरू केली आहे. परीक्षणासाठी आणि गावोगावच्या वाचकांना प्रती पाठवताना तिचे दर टपाल कार्यालयात विचारून घ्यावेत. परीक्षणासाठी पंधरा प्रती बाजूला काढाव्यात, मात्र ज्यांना त्या पाठवायच्या त्यांना आधी विचारावे.

कथासंग्रहाचा मोठा ग्राहक अजूनही सार्वजनिक ग्रंथालय हाच आहे. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी ग्रंथालय संचालनालयाकडे पुस्तक पाठवावे, आणि दरम्यान जिल्ह्यातील ग्रंथपालांना प्रत्यक्ष भेटावे. काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर येथील वाचनालयांत लेखक स्वतः पुस्तक घेऊन आला, तर ग्रंथपाल चहा देतो, चाळतो आणि निधी असल्यास एक प्रत घेतोही. जिल्हा ग्रंथोत्सवात टेबल मिळाले तर दोन दिवस तेथे बसावे. विक्रेत्याकडे प्रती ठेवताना किती प्रती, किती सूट आणि हिशेब कोणत्या महिन्यात, हे पावतीवर लिहून त्याची सही घ्यावी, आणि मार्च संपल्यावर नोंदवही घेऊन प्रत्येक दुकानात स्वतः जाऊन न विकलेल्या प्रती मोजून आणाव्यात. उन्हात ठेवलेल्यांची बांधणी तेथेच तपासून घ्यावी.